प्रकल्प नोंदी: के७यूजीएचं टेबल

९ मार्च २०२५, रविवार

ठरलं एकदाचं. मेमोरियल डेच्या वीकेंडला, २४ मेला, मराठी शाळेच्या हॉलमध्ये हॅम रेडिओचं (हौशी लोकांनी लायसन्स काढून चालवायचा रेडिओ) टेबल लावायचं आणि विषय ॲरिझोनाचा सेनेटर बॅरी गोल्डवॉटर. मीटिंगमध्ये नाव घेतल्याबरोबर एकजण म्हणाला, ते एअरपोर्टवालं का? हो तेच, फिनिक्सला टर्मिनल ४ वर उतरणारा प्रत्येकजण ते नाव बघतो आणि बॅगा घ्यायला पळतो. ज्यांना थोडं जास्त माहितीय त्यांना १९६४ ची अध्यक्षपदाची निवडणूक माहितीय, लिंडन जॉन्सनने सपाटून हरवलं, पन्नासपैकी सहा राज्यं हाताला लागली. हे दोन्ही टेबलावर एकेका ओळीत उरकणार आहे.

मला सांगायचाय तो माणूस म्हणजे फिनिक्सचा दुकानदाराचा मुलगा, शाळकरी वयात ६बीपीआय या कॉलसाइनने (रेडिओवरची अधिकृत ओळख) हवेत आलेला, मोठेपणी के७यूजीए झालेला, आणि व्हिएतनाम युद्धाच्या काळात पॅराडाइज व्हॅलीतल्या आपल्या घरच्या स्टेशनवरून सैनिकांचे घरी फोन जोडून देणारा. दोन लाखांहून जास्त कॉल त्या एका स्टेशनवरून जोडले गेले. एकट्याने नाही अर्थात, स्वयंसेवकांची मोठी टोळी पाळ्या लावून बसायची, पण घर त्याचं, मनोरा त्याचा, आणि घरी असला की तो स्वतःही खुर्चीत बसायचा.

नुसते फोटो चिकटवून पोरं थांबणार नाहीत. चालतं मॉडेल पाहिजे. एका टोकाला "व्हिएतनाम", मध्ये "ॲरिझोना", दुसऱ्या टोकाला साधा टेबलफोन. बघणाऱ्याने स्वतः बोलून बघायचं.

१६ मार्च, रविवार

सामानाची जमवाजमव. आमच्या हॅम क्लबमधल्या एका दिवंगत सभासदाच्या घरचे लोक गॅरेज रिकामं करत होते (आमच्यात कोणी गेलं की सायलेंट की म्हणतात, की म्हणजे मोर्सची), तिथून हीथकिटचा एचडब्ल्यू-१०१ रेडिओ मिळाला आणि त्याच्याच खाली धुळीत हीथकिटचाच एचडी-१५ फोन पॅच, म्हणजे रेडिओ आणि फोनची लाइन जोडणारा डबा. मी तर उडालेच. हीथकिट म्हणजे मिशिगनमधल्या बेंटन हार्बरची कंपनी, सुटे भाग आणि जाडजूड मॅन्युअल खोक्यातून पाठवायची, तुम्ही घरी सोल्डर करून रेडिओ, टीव्ही काय वाट्टेल ते बनवायचं. गोल्डवॉटरला याचं जबरदस्त वेड होतं, सेनेटर असताना पण किट जुळवत बसायचा. म्हणजे टेबलावर हीथकिट असणं शोभेपुरतं नाही, विषयालाच धरून आहे.

व्हिएतनामच्या टोकाला माझा मायक्रोबिटएक्स, छोटा रेडिओ. हैदराबादच्या अशहर फरहानचं डिझाइन, कॉलसाइन व्हीयू२ईएसई, जगभर हॅम लोकांनी बांधलेलं. खऱ्या व्हिएतनाममध्ये कॉलिन्स केडब्ल्यूएम-२ए रेडिओ असायचे पण त्यांचे आजचे भाव ऐकून गप्प बसले.

दोन्ही रेडिओंना डमी लोड लावायचे (अँटेनाऐवजी शक्ती उष्णतेत जिरवणारा रेझिस्टर), अँटेना नाहीच. एका हॉलमध्ये तेवढी गळती पुरते, आवाज आरपार जातो, आणि उगाच अख्ख्या २० मीटर बँडवर पोरांचा गोंधळ नको.

२९ मार्च, शनिवार

आज पोस्टरचा मजकूर. आयुष्य मोठं आणि बोर्ड तीन फुटी, त्यामुळे काय ठेवायचं याचीच मारामारी.

जन्म १९०९, फिनिक्स, तेव्हा ॲरिझोना राज्यसुद्धा नव्हतं, ते १९१२ ला झालं. शिक्षण व्हर्जिनियाच्या लष्करी शाळेत, नंतर युनिव्हर्सिटीत जेमतेम वर्षभर, वडील गेले म्हणून परत येऊन कपड्यांचं दुकान सांभाळलं. विमान चालवायला शिकला. दुसरं महायुद्ध आलं तेव्हा वय आणि डोळे दोन्ही आड आले, लढाऊ वैमानिक म्हणून कोणी घेईना, तर हा विमानं पोचवणाऱ्या विभागात गेला. १९४३ मध्ये एका इंजिनची, एका माणसाची पी-४७ विमानं उत्तर अटलांटिक ओलांडून नेणाऱ्यांत हा होता. एक इंजिन आणि खाली तो समुद्र. आणि मग आपल्याकडे! ब्रह्मदेशातला रस्ता जपान्यांनी तोडल्यावर चीनला माल जायचा तो आसामातल्या धावपट्ट्यांवरून, हिमालयाच्या पूर्वेकडच्या रांगा ओलांडून कुनमिंगला, वैमानिक त्याला "हंप" म्हणायचे, शेकडो विमानं त्या डोंगरांत पडलीत. गोल्डवॉटरने ती वाट पण केलीय. हे मी आसामच्या मैत्रिणीला सांगितलं तर ती म्हणे आमच्याकडे अजून जंगलात विमानांचे तुकडे सापडतात.

युद्धानंतर ॲरिझोनाचं एअर नॅशनल गार्ड उभं केलं आणि त्यात काळे-गोरे वेगळे ठेवणार नाही म्हणाला, ट्रूमनचा सैन्यासाठीचा आदेश १९४८ चा, त्याच्या आधीच. १९६७ ला हवाई दलाच्या राखीव तुकडीतून मेजर जनरल म्हणून निवृत्त. १६५ प्रकारची विमानं चालवली म्हणतात.

आता अवघड भाग. हाच माणूस १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या विरोधात मत देतो. त्याचं म्हणणं होतं की हॉटेलं-दुकानं आणि नोकऱ्यांबद्दलची कलमं घटनेत बसत नाहीत. त्या वादात मला पडायचं नाही पण मत विरोधात पडलं ते पडलंच, ज्यांना हॉटेलात पाणी मिळत नव्हतं त्यांच्या लेखी कलमांची चर्चा काय कामाची. आणि व्हिएतनाममध्ये अजून जोरात लढा म्हणणाऱ्यांत हा सगळ्यात पुढे. म्हणजे ज्या युद्धात पोरांना पाठवा म्हणत होता त्याच पोरांचे घरचे फोन रात्री बसून जोडत होता. क्लबात एकाला वाटतं हे पोस्टरवर नको, सणासुदीला कशाला. मला वाटतं हे नसेल तर पोस्टरच नको. लिहिणार.

६ एप्रिल, रविवार

एचडब्ल्यू-१०१ ला वीज दिली. एकदम नाही, व्हेरिॲकने (व्होल्टेज कमीजास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) हळूहळू चढवत, एवढी वर्षं पडून राहिलेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर एकदम पूर्ण व्होल्टेजवर नेले तर फुटतात. पॉवर सप्लायमधला एक खाली बसलेला होता, गुंऽऽ आवाज येत होता, बदलला. बाकी ६१४६ च्या दोन्ही ट्यूब ठणठणीत. न्यूट्रलायझेशन, म्हणजे त्या ट्यूब आपोआप शिट्टी मारू नयेत म्हणूनची जुळणी, परत केलं. गॅरेजमध्ये तो जुना वास, तापलेली धूळ आणि फिनॉलचा, आणि लेक दारात उभी राहून "काहीतरी जळतंय" करतेय.

एकच कटकट आहे, गार असताना फ्रिक्वेन्सी सरकते. सिंगल साइडबँडमध्ये (या रेडिओची आवाज पाठवायची पद्धत) थोडं जरी सरकलं तरी माणूस बदकासारखा बोलायला लागतो. अर्धा तास आधी चालू ठेवायचा, दुसरा इलाज नाही.

१३ एप्रिल, रविवार

माझा आणि के७यूजीएचा संबंध काय असं नवऱ्याने विचारलं, म्हटलं कागदोपत्री आहे. इकडे आले तेव्हा माझ्याकडे भारतातलं व्हीयू३ लायसन्स होतं. परक्या देशाच्या हॅमला अमेरिकेत हवेत यायची परवानगी मिळते ती देशादेशांतल्या करारांमुळे, आणि असे करार करता येतील हा कायदा १९६४ चा, सेनेटमध्ये मांडला गोल्डवॉटरने आणि सही केली जॉन्सनने. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दोघं एकमेकांच्या विरुद्ध! भारताशी करार आहे, म्हणून मी आल्या आल्या डब्ल्यू७, स्ट्रोक, माझा व्हीयू३ असं म्हणत बोलू शकले. नंतर इथली परीक्षा दिली ती चर्चच्या हॉलमध्ये, समोर तीन स्वयंसेवक परीक्षक, पेन्सिल, पस्तीस प्रश्न. पूर्वी बहुतेक परीक्षांसाठी सरकारी अधिकाऱ्यापुढे बसावं लागायचं. स्वयंसेवकांना परीक्षा घेऊ द्या आणि लायसन्स पाचऐवजी दहा वर्षांचं करा, हा १९८२ चा कायदा पण याचाच. एका माणसाच्या दोन कायद्यांवर माझा छंद उभा आहे आणि मला हे परवापर्यंत माहीत नव्हतं.

पोस्टरवर "तुमच्या ओळखीतला कोणी हॅम असेल तर" असा एक चौकोन टाकून हे देणार.

१९ एप्रिल, शनिवार

अप्पा आले साताऱ्याहून, सहा महिन्यांसाठी. अप्पा म्हणजे माझे सासरे, आयुष्य टेलिफोन खात्यात गेलं, आधी ट्रंक बोर्डावर आणि मग एक्स्चेंजमध्ये. जेट लॅग उतरायच्या आधीच गॅरेजमध्ये खुर्ची टाकून बसले.

मला फोनच्या लाइनची नक्कल करायची होती, खऱ्या कंपनीच्या लाइनला काही जोडायचं नाही. मी बारा व्होल्टचा ॲडाप्टर घेऊन फोनला लावत होते तर म्हणाले, "अगं थांब, एक्स्चेंजला अठ्ठेचाळीस असतात, आणि बॅटरी अशी सरळ नको लावू, आवाज सगळा बॅटरीतच जाईल. दोन्ही तारांत रिलेची कॉइल घाल." बरोबरच आहे, बॅटरीला एसी आवाज म्हणजे शॉर्टच, कॉइल डीसी जाऊ देते आणि आवाज अडवते. जुन्या रिले शोधल्या, घातल्या, आणि काळ्या टेबलफोनमध्ये आपलाच आवाज कानात यायला लागला, तो खास जुन्या फोनचा भरदार आवाज. अप्पांचा चेहरा बघण्यासारखा होता.

मग पॅच. त्यांना तो काय करतो हे सांगायला सुरुवात केली तर मलाच समजावून सांगितलं. फोनच्या दोन तारांवर जाणारा आणि येणारा आवाज एकत्रच असतो, रेडिओला मात्र दोन वेगळ्या वाटा, एक स्पीकरची, एक माइकची. मध्ये हायब्रिड ट्रान्सफॉर्मर बसतो, तो येणारा आवाज फोनला देतो पण माइककडे गळू देत नाही. गळला तर रेडिओ स्वतःच्याच आवाजाने ट्रान्समिटवर जातो. ते गळणं कमीत कमी करायचं त्याला नल काढणं म्हणतात. मी रेडिओतून सलग शिट्टीचा टोन सोडला, अप्पा चष्मा कपाळावर, एका हातात बारीक स्क्रूड्रायव्हर, एक डोळा पॅचच्या मीटरवर. काटा उतरत उतरत आला, त्यांनी थोडं पुढे नेलं, परत चढला, मागे आणलं, आणि हात काढून घेतला. "लाइन बदललीस की परत काढायला लागेल." फोन बदलून बघितला, खरंच काढायला लागला.

४ मे, रविवार

क्लबातले एक आजोबा, १९६८ मध्ये व्हिएतनामला होते, आज चहाला आले. स्वतः हॅम नंतर झाले. रांग लागायची म्हणाले, आपला घरचा नंबर चिठ्ठीवर लिहून द्यायचा आणि वाट बघायची, कधी बँड बंद पडला, म्हणजे सिग्नल पोचेनासे झाले, की परत जा. १९६८ म्हणजे सूर्यावरच्या डागांचं विसावं चक्र टोकाला पोचलेलं वर्ष, त्यामुळे पॅसिफिकपलीकडे सिग्नल चांगले जायचे, तरी रोजची खात्री नाही. नंबर लागला की तीन मिनिटं. कुठे आहोत, कुठली तुकडी, पुढे कुठे जाणार, यातलं काही बोलायचं नाही. अमेरिकेतला ऑपरेटर घरी कलेक्ट कॉल लावायचा, त्यामुळे घरच्यांना व्हिएतनामचे नाही, फक्त ॲरिझोनापासून आपल्या गावापर्यंतचे पैसे पडायचे. आणि इकडे बऱ्याचदा मध्यरात्र. रात्री दोनला फोन वाजला की सैनिकाच्या आईच्या पोटात काय गोळा येत असेल.

रेडिओवर एका वेळी एकानेच बोलायचं. बोलून झालं की "ओव्हर". मध्ये बसलेला ऑपरेटर "ओव्हर" ऐकला की स्विच फिरवणार, म्हणजे तो प्रत्येक शब्द ऐकतच असतो, न ऐकून चालतच नाही. मुलगी झाली, लग्न मोडलं, आजी गेली, सगळं. आयोनोस्फिअरवरून (वातावरणाचा वरचा, रेडिओ लहरी परतवणारा थर) येतंय म्हटल्यावर ज्याच्याकडे रिसीव्हर आहे तो कोणीही ऐकू शकतो, तरी लोक बोलायचे. ते आजोबा म्हणाले, सगळ्यात अवघड काय होतं तर प्रेमाची दोन वाक्यं बोलून पुढे ओव्हर म्हणणं.

अप्पा शेजारी बसून ऐकत होते. मी मधून मधून मराठीत सांगत होते. म्हणाले, हे तर आमचा ट्रंक कॉलच की, तीन मिनिटं झाली की आम्ही मध्ये बोलायचो, वाढवून पाहिजे का. ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग, सगळे दर त्यांना अजून तोंडपाठ आहेत. साताऱ्याकडची किती पोरं फौजेत, मनीऑर्डर आली का एवढंच विचारायला बायका पोस्टात येऊन ताटकळायच्या, आणि बोर्डावर बसलेल्याला गावातलं सगळं आधी कळायचं. "आपण ऐकलं नाही असं करायचं. तेच काम." हे मी आजोबांना इंग्रजीत सांगितलं. ते मोठ्याने हसले आणि अप्पांच्या पाठीवर थाप मारली. मग दोघं हायब्रिडवर बोलत बसले, अप्पा मराठी-इंग्रजी मिसळून, ते इंग्रजीत, मला फारसं मध्ये पडावं लागलं नाही.

आजोबांना गोल्डवॉटरच्या राजकारणाबद्दल विचारलं. म्हणाले मत दिलं नसतं, तेव्हा वयही नव्हतं मताचं, पण फोन कोणी जोडला ते आईने शेवटपर्यंत लक्षात ठेवलं. त्यांचा कॉल के७यूजीएकडून नाही, दुसऱ्याच कुठल्या राज्यातल्या स्टेशनवरून गेला होता. मार्सची अशी स्टेशनं देशभर होती, मार्स म्हणजे लष्कराला जोडलेलं हॅम लोकांचं जाळं. गोल्डवॉटरचा तिथला कॉलसाइन एएफए७यूजीए. बाकीच्या शेकडो ऑपरेटरांची नावं कुठल्या टर्मिनलला नाहीत, तेव्हा पोस्टरवर एक ओळ त्यांच्यासाठी वाढवली.

१७ मे, शनिवार

रंगीत तालीम. गॅरेजमध्ये सकाळीच चाळीस डिग्री, म्हणून सगळं दिवाणखान्यात. लेक आणि तिची मैत्रीण बेडरूममध्ये "व्हिएतनाम"ला, मी मध्ये, सासूबाई स्वयंपाकघरात फोनवर.

सासूबाई ओव्हर म्हणेनात. "अगं जेवलीस का, काय जेवलीस, इकडे मी थालीपीठ लावलंय" एका दमात, आणि मी स्विचवर हात ठेवून ताटकळत. लेक तिकडून ओरडतेय, आजी ओव्हर म्हण, पण तिचं ओरडणं त्यांना ऐकूच जाणार नाही कारण माझा स्विच अजून त्यांच्याच बाजूला आहे! शेवटी त्यांनी स्वतःची पद्धत काढली, बोलून झालं की "बरं". मी "बरं" वर स्विच फिरवायला लागले आणि सगळं सुरळीत चाललं. ऑपरेटरचं काम काय असतं ते त्या पाच-दहा मिनिटांत जेवढं कळलं तेवढं वाचून कळलं नव्हतं. कान पूर्ण दुसऱ्याच्या संसारात आणि तोंड बंद.

तीन मिनिटांची वाळूची घड्याळं दोन आणली. टायमरपेक्षा बरी, पोरांना दिसतात.

पोस्टर फायनल झालं. वर कॉलसाइन मोठा. खाली हंपची वाट नकाशावर, मग फोन पॅचचं चित्र, मग दोन कायदे, मग निवडणूक आणि ते विरोधातलं मत आणि युद्धाबद्दलची भूमिका, सरळ तीन वाक्यांत. शेवटी १९९८, तो गेला ते साल. हवेत सगळे एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारतात, जॉर्डनचे राजे हुसेन जेवाय१ होते, आपले राजीव गांधी व्हीयू२आरजी, तसा हा बॅरी. हे पण टाकलंय, राजीव गांधी दिसले की आपले लोक थांबणार हे मला माहितीय.

२४ मे, शनिवार

झालं. रेडिओ सकाळी आठलाच तापत ठेवला होता त्यामुळे बदक झालं नाही कोणाचं. हॉलच्या ट्यूबलाइट्सचा खरखराट भयंकर होता, टेबल खिडकीकडे सरकवलं, आमच्या डोक्यावरची रांग बंद करून घेतली, मग ठीक.

रांग लागली. मोठे लोक लाजत होते, पोरं सुटली होती. एक सहा-सात वर्षांचा मुलगा व्हिएतनामच्या टोकावरून आपल्या आईला फक्त "ओव्हर" म्हणत होता, मजकूर काहीच नाही, नुसतं ओव्हर, आणि प्रत्येक वेळी आईला बोलायला लागत होतं. एका कॉलेजातल्या मुलीने पोस्टर पूर्ण वाचलं आणि मला विचारलं की नागरी हक्कांच्या विरोधात मत देणाऱ्याचं टेबल का लावलंत. म्हटलं वाचलंस ना, लपवलेलं नाही, आता खुर्चीत बस आणि तीन कॉल जोड. बसली. जोडले. उठून म्हणाली तरी मला तो आवडला नाही. म्हटलं चालेल की. नंतर बघितलं तर जेवणाच्या सुट्टीत परत तिथेच बसली होती.

व्हिएतनामवाले आजोबा टोपी घालून आले होते, अप्पांनी त्यांना श्रीखंड-पुरीच्या ताटापर्यंत नेलं, मग दोघं मिळून पॅचवर. दुपारनंतर मी स्विचला हातच लावला नाही.

आता पुढचं. एचडी-१५ आणि एचडब्ल्यू-१०१ क्लबकडे जाणार, शाळांमध्ये दाखवायला. पोस्टरची मराठी पीडीएफ करायचीय, नकाशात कुनमिंग थोडं दक्षिणेला पाहिजे. मायक्रोबिटएक्स २८-२९ जूनच्या फील्ड डेला (हॅम लोक उघड्यावर तंबू ठोकून रेडिओ चालवतात तो वार्षिक वीकेंड) फ्लॅगस्टाफकडच्या पाइनच्या जंगलात, इथल्या उन्हात त्या वेळी तंबू लावणं शक्यच नाही. आणि अप्पांची एक तक्रार राहिलीय, फोनला घंटी नव्हती, घंटी नाही तर फोन कसला. घंटीला नव्वद व्होल्ट एसी, वीस हर्ट्झ लागतं, आणि ते पोरांच्या बोटांना लागणार नाही असं बंद डब्यात बसवायला लागेल. ट्रान्सफॉर्मरची ऑर्डर त्यांनी माझ्या अकाउंटवरून आधीच टाकलीय असं आत्ता कळलं.